ऑडॅसिटीमध्ये चुकून पुसले गेलेले ध्वनिमुद्रण परत कसे मिळवावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे ऑडॅसिटी या मोफत ध्वनिसंपादन प्रणालीवर काम करणाऱ्यांसाठी आहेत. मे २००० मध्ये प्रथम उपलब्ध झालेली ही प्रणाली आज पॉडकास्ट करणारे, कीर्तन-प्रवचने जपणारे, बोलीभाषांचा अभ्यास करणारे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी टिपून ठेवणारे असे अनेक जण वापरतात. यांतील बरीचशी ध्वनिमुद्रणे पुन्हा होण्यासारखी नसतात. म्हणून आवाज नेमका कुठे साठवला जातो आणि तो खरोखर केव्हा नष्ट होतो, हे येथे जरा विस्ताराने सांगितले आहे. पुसले गेलेले ध्वनिमुद्रण पुष्कळदा काही काळ डिस्कवर असतेच, आणि ते कायमचे जाते ते बहुधा आपण त्यानंतर घाईने केलेल्या गोष्टींमुळे.

ध्वनिमुद्रण पुसले गेल्याचे लक्षात आल्यावर सर्वांत आधी काय करावे?

ऑडॅसिटी अजून उघडी असेल तर ती बंद करू नये. प्रोजेक्ट बंद होताच पूर्ववत करण्याचा सगळा इतिहास जातो आणि त्या इतिहासाच्या आधारे टिकून राहिलेला आवाजही फाइलमधून काढून टाकला जातो. ऑडॅसिटी आधीच बंद झाली असेल, तर त्या संगणकावर काहीही नवे उतरवून घेऊ नये, नवी प्रणाली बसवू नये आणि डिस्क साफ करणारी साधने तर मुळीच चालवू नयेत. फाइल पुसली म्हणजे तिची नोंद काढली जाते आणि ती जागा मोकळी म्हणून जाहीर होते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तेथे असू शकतो. सॉलिड स्टेट ड्राइव्हची, म्हणजे फिरती चकती नसलेल्या नव्या प्रकारच्या डिस्कची, गोष्ट वेगळी आहे. ती पुढे येईल.

प्रोजेक्ट उघडा आहे, पण पुसल्यानंतर मी बरेच संपादन केले. ते सगळे सोडून द्यावे लागेल का?

नाही. कंट्रोल आणि झेड या कळा दाबत मागे जाता येते, मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड. परंतु त्याहून उपयुक्त साधन म्हणजे व्ह्यू मेनूतील हिस्ट्री ही खिडकी. प्रोजेक्ट उघडल्यापासून केलेली प्रत्येक कृती तेथे ओळीने दिसते आणि कोणत्याही ओळीवर टिचकी मारली की प्रोजेक्ट त्या वेळच्या स्थितीत जातो.

नंतरचे काम वाचवून हरवलेला भाग तेवढा परत आणायचा असेल, तर पुढील क्रम पाळावा. आवाज पुसण्याच्या लगेच आधीची ओळ निवडावी, हवा तो भाग निवडून त्याची फक्त नक्कल करावी, मग हिस्ट्रीतील सर्वांत शेवटच्या ओळीवर परत यावे आणि योग्य ठिकाणी तो भाग चिकटवावा. नक्कल करणे ही कृती इतिहासात नवी नोंद करत नाही, म्हणूनच हे जमते. जुन्या स्थितीत असताना मात्र चुकूनही आवाज वाढवू नये, कापू नये किंवा एखादा इफेक्ट लावू नये, कारण मागच्या स्थितीत केलेला एक लहानसा बदलही त्यापुढच्या सर्व नोंदी रद्द करतो. ज्यांना या क्रमाची धास्ती वाटते त्यांनी जुन्या स्थितीत असतानाच तो भाग वेगळ्या नावाने डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून, म्हणजे काहीही न गाळता आवाज साठवणाऱ्या साध्या ध्वनिफाइलीत, बाहेर काढून ठेवावा आणि मग पुढे जावे. मला स्वतःला हा मार्ग अधिक निर्धोक वाटतो, कारण त्यात पुढे काहीही बिघडले तरी आवाज एका स्वतंत्र फाइलमध्ये सुखरूप असतो.

प्रोजेक्ट जतन केल्याने इतिहास जात नाही; तो बंद केल्याने जातो. हिस्ट्रीच्या खिडकीत जुन्या पातळ्या टाकून देण्याचीही सोय आहे. डिस्कवर जागा कमी पडत असली तरी हरवलेला भाग हाती येईपर्यंत ती वापरू नये.

ध्वनिखंडाची कड ओढताना सुरुवातीचा भाग नाहीसा झाला. तो पुसला गेला का?

बहुधा नाही. २०२१ मध्ये आलेल्या ३.१ आवृत्तीपासून कड ओढून केलेली काटछाट आवाज नष्ट करत नाही, फक्त झाकते. तीच कड उलट दिशेने ओढली की झाकलेला भाग पुन्हा दिसतो, आणि प्रोजेक्ट जतन करून नंतर उघडला तरीही हे करता येते.

ध्वनिमुद्रण चालू असताना वीज गेली किंवा ऑडॅसिटी अचानक बंद पडली. आता काय?

पावसाळ्यात वीज ये-जा करणाऱ्या गावांतून हा प्रश्न हमखास येतो, आणि याचे उत्तर सहसा दिलासा देणारे असते. ऑडॅसिटी ध्वनिमुद्रण चालू असतानाच आवाज डिस्कवर लिहीत जाते. तो केवळ स्मरणात धरून ठेवत नाही. त्यामुळे वीज गेल्यास शेवटचे काही सेकंद जातील, पण आधीचे तास-दोन तास बहुतेक वेळा शाबूत असतात.

वीज आल्यावर ऑडॅसिटी पुन्हा उघडली की सापडलेल्या अपुऱ्या प्रोजेक्टांची यादी दाखवणारी खिडकी आपोआप येते. निवडलेले परत मिळवा, निवडलेले टाकून द्या आणि तूर्त वगळा अशा अर्थाची बटणे तेथे असतात. येथे घाईने टाकून देण्याचे बटण दाबले गेल्याने पुष्कळ ध्वनिमुद्रणे हातची गेली आहेत. खात्री नसेल तर वगळण्याचे बटण दाबावे. प्रोजेक्ट जागच्या जागी राहतो आणि पुढच्या वेळी यादी पुन्हा दिसते. परत मिळवलेला प्रोजेक्ट दिसताच तो नीट नाव देऊन जतन करावा आणि संपादनाला हात घालण्याआधी एक डब्ल्यूएव्ही प्रत बाहेर काढावी.

प्रोजेक्टच्या फाइलशेजारी त्याच नावाची, शेवटी डब्ल्यूएएल अक्षरे असलेली एक फाइल दिसते. ती काढून टाकावी का?

कदापि नाही. मार्च २०२१ मधील ३.० आवृत्तीपासून ऑडॅसिटीचा प्रोजेक्ट एयूपी३ प्रकारच्या एकाच फाइलमध्ये राहतो, आणि ही फाइल म्हणजे एसक्यूलाइट पद्धतीचा विदासंच (डेटाबेस) असतो. नव्याने लिहिलेला मजकूर आधी या डब्ल्यूएएल फाइलमध्ये जातो आणि नंतर मुख्य फाइलमध्ये मिसळला जातो. काम नीट बंद झाले की ही जोडफाइल आपोआप नाहीशी होते. काम अर्धवट तुटले असेल, तर नेमका सर्वांत ताजा आवाज तिच्यातच अडकलेला असू शकतो. म्हणून प्रोजेक्ट दुसरीकडे न्यायचा असल्यास दोन्ही फाइली एकत्र न्याव्यात, एकीचेच नाव बदलू नये आणि आधी दोन्हींची प्रत काढून मूळ जोडी बाजूला ठेवावी.

एयूपी३ फाइल उघडतच नसेल, तर तिच्या प्रतीवर एसक्यूलाइटच्या आदेशसाधनातील रिकव्हर हा आदेश चालवून पाहता येतो. तो वाचता येण्याजोग्या नोंदी काढून त्यांपासून नवा विदासंच बांधण्याची सोय करतो. आदेश टंकून काम करण्याची सवय नसलेल्यांनी हे काम जाणत्या व्यक्तीकडून करून घ्यावे, पण प्रयोग नेहमी प्रतीवरच व्हावा.

प्रोजेक्ट कधीच जतन केला नव्हता आणि बंद करताना जतन करू नका असे उत्तर दिले गेले. आवाज मिळेल का?

हा सर्वांत कठीण प्रसंग आहे. जतन न केलेले काम सेशनडेटा नावाच्या फोल्डरमध्ये तात्पुरत्या फाइलीत असते आणि असे उत्तर मिळताच ऑडॅसिटी ती फाइल पुसते. ती कचरापेटीत जात नाही. तरीही एकदा तो फोल्डर तपासावा, कारण आधी कधी प्रणाली कोसळली असेल तर त्या वेळची फाइल तेथे शिल्लक असू शकते.

विंडोजवर हा फोल्डर वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरात ॲपडेटा, त्यात लोकल, त्यात ऑडॅसिटी असा आत आत जातो. ॲपडेटा लपवलेला असतो, तेव्हा लपलेल्या गोष्टी दाखवण्याची खूण आधी चालू करावी लागते. मॅकवर तो वापरकर्त्याच्या लायब्ररीतील ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये असतो. ही जागा आपण कधी बदलली असेल, तर प्रेफरन्सेसमधील डिरेक्टरीज या भागात ती लिहिलेली सापडते. तेथे नावाच्या शेवटी टिंबानंतर एयूपी३अनसेव्हड असे शेपूट असलेली फाइल दिसली तर तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, प्रतीचे शेपूट एयूपी३ असे करावे आणि ती ऑडॅसिटीत उघडून पाहावी.

फोल्डर रिकामा असेल, तर पुसलेल्या फाइली शोधणाऱ्या साधनांकडे वळावे लागते.

ती साधने कोणती आणि त्यांच्यावर किती विसंबावे?

फोटोरेक हे मुक्त साधन नावावरून छायाचित्रांपुरते वाटले तरी डब्ल्यूएव्हीसह शेकडो प्रकारच्या फाइली शोधते. ते फाइलीच्या सुरुवातीच्या ओळखखुणेवरून काम करते. एयूपी३ फाइलीची सुरुवात एसक्यूलाइटच्या खुणेने होत असल्यामुळे ती एसक्यूलाइट फाइल म्हणून सापडण्याची शक्यता असते आणि मग तिचे शेपूट बदलून पाहता येते. मूळ नावे मात्र परत मिळत नाहीत. शिवाय फाइल डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी लिहिली गेली असेल तर ती पूर्ण सापडणे अवघड असते, आणि तासाभराचे ध्वनिमुद्रण म्हणजे फार मोठी फाइल: ऑडॅसिटीच्या नेहमीच्या ३२ बिट पद्धतीत, सेकंदाला ४४,१०० नमुने (म्हणजे आवाजाच्या तितक्या मोजण्या) या वेगाने, दोन वाहिन्यांचा एक तास सुमारे १.२७ जीबी जागा घेतो.

साधन दुसऱ्या डिस्कवरून किंवा पेनड्राइव्हवरून चालवावे आणि सापडलेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर उतरवाव्यात. ज्या डिस्कवरून शोधायचे तिच्यावरच लिहिले तर जे मिळवायचे तेच झाकले जाते.

फिरत्या चकतीच्या जुन्या हार्ड डिस्कवर यश मिळण्याची शक्यता बरी असते. आजच्या बहुतेक लॅपटॉपांतील सॉलिड स्टेट ड्राइव्हला मात्र संगणक ट्रिम नावाच्या आदेशाने मोकळ्या झालेल्या जागा कळवतो आणि ड्राइव्ह त्या जागा आतून रिकाम्या करतो. त्यानंतर कोणतेही साधन, फुकट वा विकत, तेथून काही काढू शकत नाही. शंभर टक्के यशाची हमी देणाऱ्या जाहिरातींवर पैसे खर्च करण्याआधी आपल्या संगणकात कोणता ड्राइव्ह आहे एवढे अवश्य पाहावे. विकत घ्यायच्या साधनांची चाचणी आवृत्ती सापडलेल्या फाइलींची यादी सहसा फुकट दाखवते. ती यादी पाहूनच निर्णय घ्यावा.

माझे काम ऑडॅसिटीच्या जुन्या आवृत्तीतले आहे. प्रोजेक्ट उघडतो, पण सगळीकडे शांतता आहे.

३.० पूर्वीच्या आवृत्त्यांत प्रोजेक्टचे दोन भाग असत: एयूपी नावाची छोटी फाइल आणि तिच्याच नावापुढे डेटा हा शब्द जोडलेला फोल्डर. छोट्या फाइलीत आवाज नसतोच; तिच्यात फक्त कोणता तुकडा कोठे वाजवायचा याची नोंद असते. आवाज फोल्डरमधील एयू प्रकारच्या शेकडो लहान तुकड्यांत असतो, आणि एका तुकड्यात साधारण सहा सेकंद मावतात. पुष्कळांनी जुन्या काळी फक्त छोटी फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि फोल्डर मागेच राहिला, किंवा फोल्डरचे नाव बदलले. प्रथम तो फोल्डर जुन्या संगणकावर, जुन्या डिस्कवर, सीडीवर शोधावा. तो मूळ नावाने फाइलीशेजारी ठेवला की प्रोजेक्ट पूर्ववत उघडतो आणि नवी ऑडॅसिटी त्याचे एयूपी३ मध्ये रूपांतर करते.

जुनी आवृत्ती असा प्रोजेक्ट उघडताना हरवलेल्या तुकड्यांबद्दल विचारते. त्या वेळी काहीही न बदलता प्रोजेक्ट बंद करण्याचा पर्याय निवडावा. हरवलेल्या जागी कायमची शांतता भरण्याचा पर्याय निवडला, तर नंतर फोल्डर सापडूनही उपयोग होत नाही.

केवळ फोल्डर उरला आणि छोटी फाइल गेली असेल, तर तुकडे क्रमाने जोडून आवाज उभा करता येतो. परंतु ध्वनिमुद्रण एका बैठकीत झालेले आणि संपादन न केलेले असेल तरच क्रम भरवशाचा असतो. दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणात डाव्या आणि उजव्या बाजूचे तुकडे आलटून पालटून येतात, हे जोडताना ध्यानात ठेवावे.

हातातल्या रेकॉर्डरच्या कार्डवरून फाइल पुसली गेली, किंवा मध्येच बॅटरी संपल्याने फाइल उघडत नाही.

पुसली गेली असेल तर कार्ड लगेच बाहेर काढावे आणि त्याच्या कडेची कुलूपपट्टी असेल तर ती सरकवावी, म्हणजे त्याच्यावर नवे काही लिहिले जाणार नाही. कार्डावर फाइली बऱ्याचदा सलग लिहिल्या जातात, म्हणून फोटोरेकसारख्या साधनाला येथे चांगले यश येते.

बॅटरी संपल्याची गोष्ट वेगळी. डब्ल्यूएव्ही फाइलीच्या आरंभी शीर्षभाग असतो, साधारणपणे ४४ बाइटांचा, आणि त्यात आवाजाची एकूण लांबी लिहिलेली असते. काही रेकॉर्डर ती लांबी ध्वनिमुद्रण थांबवल्यावरच भरतात. ते घडलेच नाही तर लांबी शून्य राहते आणि फाइल रिकामी भासते, पण तिचा आकार कित्येक एमबी दिसत असेल तर आवाज आत आहे. अशा वेळी ऑडॅसिटीच्या फाइल मेनूतील इम्पोर्टमध्ये रॉ डेटा हा पर्याय निवडावा आणि रेकॉर्डरवर जे ठरवले होते तेच आकडे भरावेत: १६ की २४ बिट, एक की दोन वाहिन्या, सेकंदाला ४४,१०० की ४८,००० नमुने, आणि बाइटांचा क्रम (बाइट ऑर्डर) या रकान्यात लिटल एंडियन हा पर्याय. आवाज हळू किंवा जलद वाजला तर नमुन्यांचा वेग चुकला आहे. नुसता खरखराट आला तर बिटांची संख्या किंवा आरंभबिंदू, म्हणजे फाइल कितव्या बाइटापासून वाचायची तो आकडा, चुकला आहे. २४ बिट पद्धतीत प्रत्येक नमुना तीन बाइटांचा असल्यामुळे आरंभ एका बाइटाने हलला तरी सगळे बिघडते. तेव्हा आरंभबिंदूच्या जागी ०, १, २ असे आकडे क्रमाने घालून पाहावेत. सुरुवातीला खट्ट असा आवाज आला तर तो शीर्षभागाचा असतो आणि तेवढाच कापून टाकता येतो.

हा उपाय फार कमी लोकांना ठाऊक आहे. बिघडलेली म्हणून टाकून दिलेली फाइल याच वाटेने पुष्कळदा संपूर्ण परत मिळते.

फोनवर केलेल्या ध्वनिमुद्रणाचे काय?

आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये पुसलेले ध्वनिमुद्रण अलीकडे पुसलेल्यांच्या यादीत जाते आणि सेटिंग बदलली नसेल तर ३० दिवस तेथे राहते. अँड्रॉइड फोनवर ते ॲपवर अवलंबून असते, म्हणून त्या ॲपची कचरापेटी आणि फोनला जोडलेली मेघसाठवण दोन्ही पाहावीत. मध्येच तुटलेली एमफोरए फाइल उघडत नसेल तर तिची अनुक्रमणी लिहायची राहिलेली असते. अनट्रंक नावाचे साधन त्याच फोनवर त्याच सेटिंगने केलेल्या दुसऱ्या चांगल्या फाइलीच्या आधारे ती बांधू पाहते.

मी ऑडॅसिटीऐवजी रीपर किंवा ॲडोबी ऑडिशन वापरतो.

रीपर ध्वनिमुद्रण होत असतानाच स्वतंत्र ध्वनिफाइल लिहितो, आणि पटावरून तुकडा काढला तरी ती फाइल डिस्कवर राहते. प्रोजेक्टच्या फोल्डरात ती शोधून परत पटावर ओढावी. प्रोजेक्टचा फोल्डर साफ करण्याचा आदेश मात्र वापरात नसलेल्या फाइली पुसतो. तो यादी वाचल्याशिवाय चालवू नये. ऑडिशनच्या बहुट्रॅक सत्रातील ध्वनिमुद्रणे सत्राच्या नावापुढे रेकॉर्डेड हा शब्द असलेल्या फोल्डरात सापडतात. एकाच फाइलीवर काम करण्याच्या दृश्यात मात्र बदल जतन केले की ते मूळ फाइलीवरच लिहिले जातात.

ट्रॅक आहे, पण सरळ रेघ दिसते. आवाज पुसला गेला का?

येथे काही पुसले गेलेले नसते. बहुधा चुकीचा मायक्रोफोन निवडलेला होता किंवा संगणकाने मायक्रोफोन वापरण्याची परवानगी दिली नव्हती. ट्रॅकच्या प्रतीवर ॲम्प्लिफाय हा इफेक्ट लावून पाहावा. फार हळू नोंदलेले बोलणे त्याने सुरसुरीसह वर येते. मुळातच शून्य नोंदले गेले असेल तर वर येण्यासारखे काही नसते.

पुढे असे होऊ नये म्हणून किमान काय करावे?

ध्वनिमुद्रण सुरू करण्याआधीच प्रोजेक्टला नाव देऊन तो जतन करावा, म्हणजे जतन न करता बंद होण्याचा प्रसंगच उरत नाही. प्रोजेक्ट संगणकाच्या आतल्या डिस्कवर ठेवावा. पेनड्राइव्हवर, नेटवर्कवरील डिस्कवर किंवा सतत मेघाशी जुळवून घेणाऱ्या फोल्डरात एयूपी३ फाइल उघडून काम केल्यास ती बिघडण्याचा धोका वाढतो. ध्वनिमुद्रण थांबवताच, काहीही न कापता, डब्ल्यूएव्ही प्रत काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. संपादनाच्या मध्यात फाइल मेनूतील बॅकअप प्रोजेक्ट हा पर्याय वेगळ्या नावाने प्रत लिहितो आणि आपले काम मूळ फाइलीतच चालू राहते. २०२४ मधील ३.५ आवृत्तीपासून प्रोजेक्ट ऑडिओ डॉट कॉम या सेवेवर जतन करण्याची सोयही आहे.

एमपीथ्री प्रत पाठवण्यासाठी ठीक आहे, पण ती एकमेव प्रत म्हणून ठेवू नये. तिच्यातून गाळले गेलेले परत आणता येत नाही.

व्यावसायिक प्रयोगशाळेकडे केव्हा जावे?

डिस्कमधून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, ती संगणकाला दिसत नसेल किंवा पाण्यात पडली असेल, तर ती ताबडतोब बंद करावी आणि वर सांगितलेले एकही साधन तिच्यावर चालवू नये. बिघडलेली डिस्क जितकी जास्त फिरते तितका चकतीवरचा मजकूर खरवडला जाण्याचा धोका वाढतो. खर्च बराच येऊ शकतो, म्हणून तपासणीचे शुल्क आणि काही न मिळाल्यास किती द्यावे लागेल हे आधी लेखी घ्यावे. डिस्क देताना फाइलीचा प्रकार, तिचा अंदाजे आकार, ती कधी पुसली गेली आणि त्यानंतर त्या डिस्कवर काय काय केले, हे सर्व कागदावर लिहून द्यावे. एयूपी३ हा एसक्यूलाइट विदासंच आहे हेही त्यात अवश्य लिहावे, कारण फक्त ध्वनिफाइली शोधणाऱ्या तंत्रज्ञाच्या यादीत तो येणारच नाही.